मूळ गाव ‘मुरुड’ एवढेच माहीत असताना कोकणात निघण्यापूर्वी

आपल्या प्रश्नाचा आशय थोडक्यात असा आहे. आपले घराणे पाच पिढ्या इंदूरला स्थायिक आहे. पणजोबांचे वडील होळकरांच्या राज्यात नोकरीसाठी आले आणि त्यानंतर कोकणाशी येणे-जाणे उरले नाही. घरात आडनाव आणि गोत्र यांखेरीज ‘आपण मूळचे मुरुडचे, कुलदैवत व्याडेश्वर’ हे एक वाक्य तेवढे टिकून आहे. मुलांच्या शाळेला सुटी लागली की २४ डिसेंबरला दोन गाड्यांतून ९ जण निघणार आहेत, त्यांत ७६ वर्षांच्या आजी आणि ६ वर्षांचा नातू आहे, आणि हाताशी ८ दिवस आहेत. ‘फार आखणी नको, वाटेत आवडेल तिथे थांबू’ अशी सर्वांची इच्छा असल्यामुळे, आधी काय ठरवावे आणि काय मोकळे सोडावे, असे आपण विचारले आहे.

मी दापोलीत राहतो आणि गेली २२ वर्षे बाहेरगावी वसलेल्या मराठी कुटुंबांना त्यांच्या मूळ गावी नेण्याचे काम करतो. आखणी नको हा आपला विचार मला चुकीचा वाटत नाही, मात्र ती मोकळीक कुठे ठेवायची हे आधी ठरले पाहिजे. कोकणात रात्रीचा मुक्काम आणि खाडी ओलांडण्याची वेळ या दोन गोष्टी पक्क्या असाव्यात, आणि मूळ गावात घालवायचा वेळ मात्र बेहिशेबी असावा. बहुतेक कुटुंबे नेमके याच्या उलट करतात. मुक्काम ‘तिथे गेल्यावर बघू’ म्हणून सोडून देतात आणि मूळ गावासाठी गणपतीपुळ्याला जाताजाता दोन तास राखून ठेवतात. त्या दोन तासांत देवळाचा फोटो निघतो, गावाशी ओळख मात्र होत नाही.

सर्वांत आधीचा प्रश्न असा की, आपले मुरुड कोणते? एक मुरुड रायगड जिल्ह्यात आहे, जंजिऱ्याच्या किल्ल्याजवळचे, जुन्या हबसाणातले, म्हणजे सिद्दींच्या जंजिरा संस्थानातले. दुसरे रत्नागिरी जिल्ह्यात दापोली तालुक्यात, हर्णै-आसूदच्या शेजारचे आहे. दोहोंमध्ये सरळ रेषेत साठेक किलोमीटरचे अंतर आणि वाटेत राजपुरीची व बाणकोटची अशा दोन खाड्या आहेत. या बाबतीत मी स्वतः एकदा तोंडघशी पडलो आहे. बडोद्याच्या एका कुटुंबाने फोनवर ‘मुरुड’ म्हटले आणि मी दापोलीकर असल्याने माझ्या मनात शेजारचेच मुरुड आले. मी काहीही न विचारता खोल्या ठरवून टाकल्या. दोन दिवस आम्ही आळीआळीने विचारत फिरलो, लोकांनी मोठ्या आस्थेने जुनी नावे आठवून पाहिली, पण काहीच जुळेना. तिसऱ्या दिवशी बडोद्याहून त्यांच्या चुलत्यांनी एका जुन्या पत्राचा फोटो पाठवला, त्यात ‘मुक्काम मुरुड, संस्थान जंजिरा’ असे स्वच्छ लिहिलेले होते. तेव्हापासून कोणी गावाचे नाव सांगितले की मी तालुका, जवळची खाडी आणि ग्रामदेवता विचारल्याशिवाय पुढे जात नाही.

कुलदैवत व्याडेश्वर असल्यामुळे दापोलीकडचे मुरुड अधिक संभवनीय वाटते, कारण व्याडेश्वराचे देवस्थान गुहागरला आहे आणि ते दाभोळच्या खाडीपलीकडे लागूनच आहे. मात्र हा पुरावा धरू नये. कुलदैवत तेच राहून घराणी किनाऱ्यावर वर-खाली पसरलेली आहेत. ग्रामदेवतेची खूण अधिक भरवशाची असते. दापोलीच्या मुरुडची ग्रामदेवता दुर्गादेवी आणि जंजिरा मुरुडची कोटेश्वरी. आजींच्या सासूबाई हळदीकुंकवाला, ओटी भरताना किंवा नवस बोलताना कोणत्या देवीचे नाव घेत असत, हे आजींना विचारावे. त्यातही एक गुंता आहे, तो सांगून ठेवतो. गुहागरलाही दुर्गादेवीचे मोठे देऊळ आहे, त्यामुळे नुसते ‘दुर्गा’ एवढे उत्तर आले तर ती देवी गावची की कुळाची, हेही विचारावे लागेल.

आजींकडून आणखीही पुष्कळ मिळण्याजोगे आहे, आणि ते निघण्यापूर्वीच मिळवावे. गाडीत बसल्यावर उलट्या, खाऊ आणि रस्ता यांतून निवांत बोलणे होत नाही. त्यांना वंशावळ विचारू नये, कारण वंशावळ विचारली की वडीलधारी माणसे चुकण्याच्या भीतीने गप्प होतात. सासूबाईंकडून ऐकलेल्या मूळ घराविषयी विचारावे. घर उतारावर होते की सपाटीला, विहिरीवर रहाट होता का, समुद्राचा आवाज घरात येत असे का, शेजारी कोण होते, गावाला येताना शेवटचा टप्पा होडीने होत असे की बैलगाडीने. ग्वाल्हेरच्या एका आजींना आडनावाखेरीज काहीही आठवत नव्हते, फक्त त्यांची सासू रागावली की ‘मी पऱ्ह्याच्या पलीकडची आहे, मला शिकवू नका’ असे म्हणायची, एवढे त्यांच्या लक्षात राहिले होते. ‘पऱ्ह्या’ म्हणजे काय हे ग्वाल्हेरला कोणालाच ठाऊक नव्हते आणि ती एखादी म्हण असावी असे त्यांनी धरले होते. पऱ्ह्या म्हणजे आमच्याकडे पावसाळ्यात खळाळणारा लहान ओढा. आम्ही गावात गेलो तेव्हा त्या आडनावाची सात घरे निघाली आणि सातही जणांनी मान हलवली, पण ‘पऱ्ह्यापलीकडचे’ म्हटल्याबरोबर देवळाच्या पायरीवर बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी काठीने दिशा दाखवली. तिथे आता घर नाही. जांभ्याचे जोते, त्यावर उगवलेला फणस आणि बाजूला कठडा ढासळलेली विहीर एवढेच आहे. कोकणात घर आडनावापेक्षा जागेवरून ओळखले जाते. वरचे, खालचे, आगरातले, विहिरीवरचे अशी नावे चार पिढ्या टिकतात.

कागदोपत्री शोधासाठी आपल्याला एक सोय आहे, ती अशी की इंदूरहून येताना नाशिक वाटेवरच लागते. नाशिक आणि त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या घरी यजमानांच्या वह्या असतात. यात्रेला किंवा श्राद्धाला आलेल्या माणसाने आपले, वडिलांचे, आजोबांचे आणि भावांचे नाव, मूळ गाव आणि सध्याचे राहते ठिकाण त्यांत लिहून स्वाक्षरी केलेली असते. आडनाव आणि गाव सांगितले की आपल्या कुळाचे उपाध्याय कोण हे तिथे विचारपूस करून कळते. जुन्या नोंदी बहुधा मोडी लिपीत असतात. उपाध्याय त्या वाचून दाखवतात, तरी त्यांच्या परवानगीने पानाचा फोटो घ्यावा, म्हणजे पुढे दुसऱ्या जाणकाराकडून पुन्हा वाचून घेता येतो. पहिल्या दिवशी इंदूर ते नाशिक हा चारशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास करून तिथेच मुक्काम करावा आणि दुसऱ्या दिवशीची पूर्ण सकाळ या कामाला द्यावी. नोंद मिळेलच असे नाही. मिळाली तर मात्र तिच्याखाली आपल्या ९ जणांची नावे लिहिल्याशिवाय उठू नये, आणि नातवाकडून त्याचे नाव त्याच्याच हाताने लिहवून घ्यावे. आपल्या आडनावाचा कुलवृत्तांत छापलेला आहे का, याचीही निघण्यापूर्वी चौकशी करावी. पुष्कळ कोकणी घराण्यांचे कुलवृत्तांत गेल्या शतकात प्रसिद्ध झाले आहेत आणि त्यांत कोणती शाखा कोणत्या गावाहून कुठे गेली याची नोंद असते.

यापुढे मी दापोलीचे मुरुड धरून लिहितो. नाशिकहून दापोली एका दमात गाठण्याचा मोह टाळावा. ते अंतर साडेतीनशे किलोमीटरहून अधिक आहे आणि माणगाव सोडल्यानंतरची वळणे आजी आणि मूल या दोघांनाही सोसणार नाहीत. दुपारी नाशिक सोडून रात्री माणगाव किंवा महाड येथे थांबावे. तिसऱ्या दिवशी सकाळी श्रीवर्धनच्या बाजूने हरिहरेश्वर करून बागमांडल्याला यावे आणि तिथून फेरीबोटीने, गाडीसकट, सावित्री नदीची बाणकोट खाडी ओलांडून वेशवीला उतरावे. मग वेळास, केळशी, आंजर्ले असे करत संध्याकाळी मुरुड. वेळास हे नाना फडणवीसांचे गाव आणि समुद्री कासवांच्या घरट्यांसाठीही प्रसिद्ध आहे. त्याच मंडणगड तालुक्यात आंबडवे हे बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गावही आहे. ते किनाऱ्यापासून आत असल्याने वाट थोडी वाकडी करावी लागते, पण मूळ गाव शोधायला निघालेल्या कुटुंबाने तिथे जावे असे मला वाटते.

खाड्यांविषयी सविस्तर सांगणे भाग आहे, कारण परप्रांतातून येणाऱ्यांचा हिशेब नेमका इथेच चुकतो. नकाशावर दाभोळ आणि पलीकडचे धोपावे समोरासमोर दिसतात आणि फेरीबोटीने ते अंतर पाव तासात संपते, परंतु ती बोट चुकली किंवा बंद असली तर खेड-चिपळूणमार्गे शंभर किलोमीटरहून मोठा वळसा पडतो. मुरुडहून गुहागरला जाताना वाशिष्ठीची ही खाडी आणि गुहागरहून पुढे गणपतीपुळ्याला जायचे असेल तर तवसाळ-जयगड येथे शास्त्रीची खाडी लागते. नाताळच्या आठवड्यात, विशेषतः शनिवार-रविवारी, धक्क्यावर गाड्यांची रांग लागते आणि एखाद-दोन बोटी डोळ्यांदेखत भरून निघून जातात. म्हणून खाडी ओलांडण्याच्या दिवशी पहिल्या एक-दोन फेऱ्यांची वेळ आदल्या संध्याकाळी विचारून घ्यावी आणि तो एकच दिवस घड्याळाप्रमाणे चालावे. दाभोळला बोटीची वाट पाहावीच लागली तर धक्क्याजवळची आदिलशाही काळातली दगडी मशीद पाहून घ्यावी. एके काळी केवढ्या व्यापाराचे बंदर इथे होते, हे तिच्याकडे पाहून कळते.

मुक्कामाचे सांगायचे तर, २४ डिसेंबर ते १ जानेवारी या काळात मुरुड, कर्दे, हर्णै या पट्ट्यात ९ जणांना आयत्या वेळी एकत्र जागा मिळणार नाही. मुरुडला सलग ३ रात्री आणि गुहागरला १ रात्र आजच फोनवर सांगून ठेवावी, मुरुडचे आगाऊ पैसे मात्र आजींचे उत्तर आल्यावर भरावेत. सुटी पुढे-मागे करता आली तर जानेवारीचा दुसरा आठवडा शंभर पटींनी बरा, असे माझे प्रांजळ मत आहे. समुद्रावर मोठ्याने वाजणारी गाणी नसतात, आणि घरमालकाला आपल्याशी दोन शब्द बोलायला सवड असते. मुरुड गावाची रचना मुळातच वेगळी आहे. समुद्राला समांतर एक सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना घरे आणि घरामागे नारळी-पोफळीची आगरे. अशा घरगुती जागेत उतरावे. जेवण सांगितल्याशिवाय तयार नसते, म्हणून सकाळी निघतानाच रात्रीचे सांगून ठेवावे आणि ‘काय आहे?’ असे न विचारता ‘घरात काय करता?’ असे विचारावे. कुळथाचे पिठले, उकड्या तांदळाचा भात आणि सोलकढी मिळेल. आजींना ती चव ओळखीची वाटली तर मला नवल वाटणार नाही.

आता मूळ गावातल्या वागण्याविषयी. मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हाच भाग, आणि याच बाबतीत चांगली चांगली माणसे नकळत चुकतात. चार-पाच पिढ्यांनंतर अचानक कोणी शहरी माणूस दोन गाड्या घेऊन येतो आणि ‘आमचे घर कुठे होते, आमची जमीन कोणती’ असे विचारू लागतो, तेव्हा गावाच्या मनात पहिली शंका जमिनीचीच येते. ती निराधार नाही. १९४९ च्या कायद्याने खोती, म्हणजे गावचा सारा वसूल करण्याचा वंशपरंपरागत हक्क, संपली, आणि पुढे कुळकायद्याने १ एप्रिल १९५७ या दिवशी, ज्याला कृषक दिन म्हणतात, कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले गेले. बाहेर गेलेल्या घराण्यांच्या बहुतेक जमिनी अशाच कसणाऱ्यांच्या नावे झाल्या, आणि त्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचे कष्ट आणि कधी कधी कडवट आठवणी असतात. त्यामुळे नमस्कारानंतरचे पहिले वाक्य ‘आम्ही जागेसाठी आलेलो नाही, आमच्या माणसांची ओळख शोधायला आलो आहोत’ हे असावे. सातबारा आता संकेतस्थळावर आडनावाने शोधता येतो, म्हणून काही जण त्याची छापील प्रत हातात धरून गावात फिरतात. कृपया तसे करू नये. आणि ‘आम्ही इथले खोत’ हे वाक्य, खरे असले तरी, इंदूरलाच ठेवून यावे. एकदा माझ्यासोबत आलेल्या एका गृहस्थांनी ते मोठ्या अभिमानाने उच्चारले. समोरच्या माणसाने शांतपणे चहाचे कप उचलले आणि आत नेले. चहा अर्धाच झाला होता.

विचारायचे कोणाला, तर आधी देवळात. ग्रामदेवतेचे गुरव आणि मानकरी यांना कोणत्या घराचा कोणता मान होता हे ठाऊक असते, कारण शिमग्याची पालखी घरोघरी जाते आणि ती कोणत्या क्रमाने जाते हे गाव विसरत नाही. सकाळी पूजा आटोपल्यानंतर जावे. दुपारी एक ते चार गाव झोपलेले असते आणि त्या वेळी कडी वाजवणे चांगले दिसत नाही. देवीपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणे घालण्याची विनंती करावी. त्या गाऱ्हाण्यात आपल्या घराण्याचे आणि ‘बाहेरगावी गेलेल्या लेकरांचे’ नाव घेतले जाते, तेव्हा आजींना पुढे बसवावे. गावात गेल्यावर केवळ गावाचे नाव सांगून भागत नाही, वाडी किंवा आळी कोणती हे विचारले जाते, कारण कोकणातले एकेक गाव टेकडीच्या दोन्ही अंगांना पसरलेले असते आणि या वाडीचे त्या वाडीला माहीत असतेच असे नाही. पहिल्या दिवशी काही निष्पन्न झाले नाही तरी हिरमुसू नये. संध्याकाळी गावभर बातमी पसरते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोणीतरी स्वतःहून शोधत येते. मी ३ रात्री मुद्दाम म्हटले आहे ते याचसाठी. शेजारच्या खेड तालुक्यातल्या शेरवलीला जन्मलेले महर्षी कर्वे याच मुरुडला वाढले आणि इथूनच परीक्षेसाठी साताऱ्यापर्यंत चालत गेले. त्या काळी गाव सोडणे म्हणजे काय होते, हे मुलांना सांगायला याहून चांगली जागा नाही.

या तीन दिवसांत मधला वेळ कसा घालवावा याची चिंता नको. आसूदच्या केशवराजाला जाणारी पाखाडी पोफळीच्या सावलीतून जाते, पण पायऱ्या बऱ्याच आहेत, आजींच्या गुडघ्यांचा विचार करून ठरवावे. हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव होतो, समोर सुवर्णदुर्ग दिसतो. पन्हाळेकाजीची २९ लेणी अर्ध्या दिवसात होतात आणि तिथे गर्दी नसते. गाडी मात्र पुळणीवर नेऊ नये. ओहोटीला वाळू घट्ट दिसते, चाक रुतले की भरती वाट पाहत नाही, आणि दर नाताळात एखादी तरी गाडी ट्रॅक्टरने ओढून काढावी लागते. दोन लहान गाड्या आणण्याचा आपला विचार योग्य आहे. मोठी ट्रॅव्हलर वाडीतल्या गडग्यांमध्ये, म्हणजे दगडी कुंपणांमध्ये, अडकते आणि मग मागे घेता येत नाही. किनाऱ्यालगत पेट्रोलपंप दूरदूर आहेत, म्हणून दापोलीतच टाकी भरून घ्यावी, आणि थोडी रोकड जवळ असू द्यावी.

सहाव्या दिवशी दाभोळ-धोपावेमार्गे गुहागर. व्याडेश्वराचे देऊळ गावाच्या मध्यावरच आहे, शिवपंचायतन आहे. अभिषेक करायचा असेल तर आदल्या दिवशी देवस्थानात सांगून ठेवावे. दुपारी हेदवीचा दशभुज गणेश आणि वेळणेश्वर होतात. आपल्या कुलदेवीविषयी आपण लिहिलेले नाही, परंतु ती अंबेजोगाईची योगेश्वरी असेल, आणि कोकणस्थांच्या पुष्कळ घरांत ती आहे, तर ‘एवढे आलोच आहोत तर’ म्हणून ती याच फेरीत जोडू नये. अंबेजोगाई बीड जिल्ह्यात, कोकणापासून फार दूर आहे. गणपतीपुळे आणि रत्नागिरीही मी यादीतून काढतो. मुरुडला काहीच हाती लागले नाही आणि एक दिवस उरला, तरच तवसाळची बोट धरावी.

सातव्या दिवशी सकाळी गुहागर सोडून चिपळूण, कुंभार्ली घाट, कऱ्हाडमार्गे पुण्यापर्यंत यावे आणि आठव्या दिवशी पहाटे इंदूरकडे निघावे. तो दिवस लांबचा आहे, चालक दोन तरी हवेत. वाटेत चिपळूणला तासभर मिळाला तर लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात जावे. १८६४ मध्ये स्थापन झालेले हे ग्रंथालय २००५ आणि २०२१ अशा दोन महापुरांतून पुन्हा उभे राहिले आहे. नाशिकला किंवा मुरुडला जे काही नाव हाती आले असेल ते घेऊन तिथे कुलवृत्तांतांची चौकशी करावी.

तूर्त आजींना देवीचे नाव विचारून मला कळवावे. उत्तर कोटेश्वरी असे आले तर वरचा तिसऱ्या दिवसापासूनचा सर्व मार्ग बदलेल, तेव्हा तोपर्यंत मुरुडच्या खोल्यांचे आगाऊ पैसे भरू नयेत.